हिंदुरावचा कान आणि नसलेलं इंजिन

पैज लागली ती तालमीच्या कट्ट्यावर, शनिवारी सकाळी, चहा कपात असताना. लावणारे दोघेही साठीला टेकलेले, म्हणजे अक्कल यायचं स्टेशन मागं टाकून बरेच पुढं गेलेले.

त्यातला एक हिंदुराव चौगुले. उद्यमनगरात त्याचं गॅरेज. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि आजार सांगायचा, ही त्याची पद्धत. अख्खं कोल्हापूर त्याला 'कान' म्हणायचं. गाडी कुरकुरली की लोक म्हणत, "कानाला दाखवून आण." दुसरा पारिसा मगदूम, गुळाचा व्यापारी, हिंदुरावचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी आणि एका जुन्या पेट्रोल जीपचा मालक.

पेट्रोल जीप म्हणजे तोवर हत्ती पाळल्यासारखी गोष्ट झाली होती. रस्त्यावरची झाडून सगळी वाहनं विजेची. पेट्रोलची गाडी दारात उभी करून हवी तितकी गुरगुरवा, पण रस्त्यावर काढायची ती महिन्यातल्या एकाच रविवारी. लोकांनी त्याला नाव पाडलं होतं धुराचा रविवार. त्या दिवशी गावातले सगळे शौकीन तालमीच्या चौकात जमायचे आणि गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात जेवायला जायचे. निघण्याआधी प्रत्येक इंजिन हिंदुरावच्या कानाखालनं गेलेलं असायचं. तो 'जावा' म्हणाला की जायचं.

तर त्या शनिवारी पारिसाची पुतणी त्रिशला पुण्याहून आली. ती एका स्पोर्ट्‌स कार बनवणाऱ्या कंपनीत होती आणि चाचणीसाठी दिलेली गाडीच घेऊन आली होती. लाल भडक, बुटकी, रस्त्याला पोट घासेल अशी. गल्लीच्या तोंडाशी तिनं जो काही आवाज केला, त्यानं धुणी सोडून बाया बाहेर आल्या. तालमीतली पोरं मातीनं माखलेल्या अंगानं धावत आली. पारिसाच्या हातातला कप बशीवर थरथरला.

हिंदुराव गाडीभोवती एक फेरी मारून आला. मग गुडघ्यावर बसला, मग सरळ रस्त्यावर आडवा झाला आणि गाडीखाली बघितलं.

"सायलेन्सर कुठाय गं?"

"नाही, काका," त्रिशला म्हणाली.

"मग इंजिन?"

"ते बी नाही. बॅटरी आणि मोटर."

"मग आत्ता बोललं कोण?"

त्रिशला हसली. पुण्यात ती 'सांगते, करते' म्हणायची, पण गल्लीत शिरली की कोल्हापूरच्या बायकांसारखी 'सांगतो, करतो'वर यायची. "सांगतो की. बसा."

विजेची गाडी बाणासारखी पळते, पण मुक्यानं. आणि एवढी महागडी गाडी घेणाऱ्याला मुक्यानं पळायचं नसतं. पहिल्यांदा कंपन्यांनी जुन्या इंजिनांचे आवाज रेकॉर्ड करून स्पीकरवर वाजवले. लोक महिन्याभरात कंटाळले, कारण तीच कॅसेट किती ऐकणार. मग त्रिशलाच्या लोकांनी आवाज बनवायचं सोडून दिलं आणि इंजिनच बनवलं, फक्त लोखंडाचं नाही, गणिताचं. त्या गणितात पिस्टन होते, व्हॉल्व्ह होते, ठिणगी पडत होती, जळलेला वायू पाइपातनं धडका घेत बाहेर जात होता. चालवणाऱ्यानं पाय दाबला की प्रत्येक स्फोटाचा हिशेब तिथल्या तिथं व्हायचा आणि त्याचा जो आवाज झाला असता तो स्पीकरमधून निघायचा. ते इंजिन सकाळी गार असायचं, दुपारी तापायचं, हजारो किलोमीटर पळून झिजायचंसुद्धा. नव्हतं ते एवढंच.

हिंदुरावनं हे सगळं ऐकलं आणि चहाचा उरलेला घोट गटारीत ओतला.

"खोटं ते खोटं. डोळ्याला पट्टी बांध, मी सांगतो खरं कुठलं, खोटं कुठलं."

"नाही सांगता येणार तुला," पारिसा म्हणाला.

"लाव पैज."

"लावली. काय लावतोस?"

हिंदुरावनं जन्म लोकांच्या खोड्या काढण्यात घालवला होता, त्यामुळं शिक्षा ठरवायला त्याला वेळ लागला नाही. "जो हरंल त्यानं उद्या धुराच्या रविवारी समद्यांच्या म्होरं, ह्या लाल गाडीचा आवाज बंद करून, तिच्या पुढं चालत जायचं. तालमीपासनं गल्लीच्या टोकापर्यंत. आणि तोंडानं इंजिनचा आवाज काढायचा. थांबायचं नाही."

गल्ली हसली. पारिसाच्या पोटावर हात ठेवून कुणीतरी म्हणालं, "मगदूमशेट, तुमचं डिझेल निघंल." पारिसानं टाळी दिली.

*

हिंदुरावला लाल गाडीच्या सीटवर बसवलं. डोळ्यांवर पंचा बांधला. पेट्रोलच्या वासावरनं ओळखू नये म्हणून पारिसानं त्याच्या नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. पोरांनी फोटो काढले. खिडकीच्या काचा खाली, शेजारी पारिसाची जीप, बॉनेट उघडं. एकदा जीप चालू होणार होती, तेव्हा लाल गाडी पूर्ण बंद. एकदा जीप बंद राहणार होती आणि लाल गाडी तसल्याच जुन्या चार सिलिंडरचा आवाज काढणार होती, खिडकीबाहेरनं आल्यासारखा. आधी कुठलं, ते पारिसा ठरवणार.

पहिला आवाज सुरू झाला. हिंदुरावनं मान तिरकी केली. गोल, मऊ, दह्यात रवी फिरावी तसा. कुठं खडखड नाही, कुरकुर नाही.

"बास," तो चिमट्यातनं म्हणाला. "दुसरं लावा."

दुसरा सुरू झाला आणि हिंदुराव ताठ बसला. खालची घरघर तीच, पण तिच्यावर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटची टिकटिक होती, सुटी सुटी, तांदूळ निवडताना खडा वाजावा तशी. फॅनच्या पट्ट्याचा बारीक चिवचिवाट होता. तिसऱ्या सिलिंडरचा एक व्हॉल्व्ह किंचित उशिरा बसत होता. किती दिवसांनी असलं जिवंत इंजिन ऐकतोय, असं त्याला वाटलं आणि का कुणास ठाऊक, पंच्याखाली डोळे भरून आले.

त्यानं चिमटा काढून फेकला. "दुसरं खरं. पहिलं तुमचं गणित."

"नक्की?"

"अरे, खोटं इंजिन बनवणारा त्याला आजार कशाला देईल? पहिलं बघ, कसं नवरीसारखं नटवलेलं. दुसऱ्याला तिसऱ्या सिलिंडरला दुखतंय. दुखतंय ते खरं."

मग पारिसा बॉनेटवर हात आपटत हसायला लागला आणि त्याच्यामागं सगळी गल्ली. पंचा सुटला तेव्हा हिंदुरावला दिसलं ते हे, की जीप गप्प उभी आहे आणि दुखणं लाल गाडीला आहे.

"आपल्याच हातानं ट्यूनिंग केलेल्या जीपला गणित म्हणाला रं, हिंदुराव," पारिसा डोळे पुसत म्हणाला. "पोरगी जिंकली. उद्या घसा शेकून ये."

हिंदुरावही हसला. हरणं त्याला येत होतं. फक्त त्रिशला हसत नव्हती. ती गाडीच्या पडद्याकडं बघत होती आणि हिंदुराव वळला तसा तिनं पडद्यावर हात ठेवला.

*

"एक चक्कर मारू या, काका," ती म्हणाली. दोघं पन्हाळ्याच्या रस्त्याला लागले.

गावाबाहेर आल्यावर तिनं आवाज खोलला. हिंदुरावनं आयुष्यात असलं इंजिन बघितलं नव्हतं, आणि आत्ताही बघत नव्हता, कारण ते नव्हतंच. पण पाठीच्या मणक्यातनं आठ सिलिंडर चढत आले. वेग वाढला तसा आवाज उंच होत गेला, एकेक जिना चढल्यासारखा, आणि वर पोचल्यावर असा काही उघडला, की उसाच्या फडावरनं वारं जातं तसं त्याच्या अंगावरनं काहीतरी गेलं. खाली भडभड, मध्ये गर्जना, आणि सगळ्यात वर चांदीच्या तारेसारखी बारीक शीळ. ती शीळ ऐकून त्यानं डॅशबोर्डला हात टेकले.

"हे... हे वरचं. हे मला..."

त्रिशलानं गाडी एका आंब्याच्या झाडाखाली घेतली आणि आवाज बंद केला.

"काका, रागवू नका. ह्या सीटला डोक्यामागं दोन माइक आहेत. ते तुमचे कान ऐकतात."

"कान काय बोलतात होय?"

"बोलतात की. माणसाच्या कानात आत बारीक केसांसारख्या पेशी असतात. बाहेरनं आवाज आला की त्या नाचतात, आणि नाचताना स्वतः बी एक आवाज करतात. लई बारीक. आपल्याला ऐकू येत नाही, पण कानातनं बाहेर येतो. जन्मलेल्या पोराला ऐकू येतंय का नाही, ते डॉक्टर ह्यानंच बघतात. आम्ही ते सीटमध्ये घातलंय. कारण पन्नाशीच्या गिऱ्हाईकाला आणि विशीतल्या पोराला एकच इंजिन सारखं ऐकू येत नाही. मग सीट बघते, कुठल्या पट्टीच्या पेशी उत्तर देतात, कुठल्या गप्प आहेत. गप्प असलेल्या पट्टीतला आवाज ती खाली उतरवून देते, जिथं कान अजून जिवंत आहे तिथं."

"एवढ्यानं व्हतं?"

"अर्धं होतं. उरलेलं तुमचा मेंदू भरतो. चाळीस वर्षं टॅपेट ऐकलेत तुम्ही. नुसती खूण मिळाली की तो आठवणीतनं टिकटिक काढून वाजवतो. सकाळी ऐकलंत ते इंजिन थोडं माझं होतं, थोडं तुमचं."

हिंदुराव आपल्या कानाच्या पाळीला हात लावून बसला. साठ वर्षं ही दोन भोकं आपल्या डोक्याला आहेत आणि ती आतनं गुणगुणत होती, ह्याचाच त्याला आधी अचंबा वाटला. कधी कुणी सांगितलं नाही. मग दुसरी गोष्ट हळूहळू वर आली.

"माझ्या कुठल्या पट्ट्या गप्प आहेत?"

त्रिशला पुढच्या रस्त्याकडं बघत म्हणाली, "वरच्या. समद्या."

गेली काही वर्षं इंजिनं कशी गोड झाली होती. तो स्वतःच सगळ्यांना सांगत असायचा, हल्लीचं ऑइल भारी आहे, जुनी गाडीसुद्धा लोण्यासारखी चालते.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला कशाला सांगू. तुमचे कान आहेत."

*

परत आले तेव्हा गल्लीत पारिसा जीप चालू करून नातवंडांना मागं बसायला शिकवत होता. उद्या सून आणि दोन्ही नातवंडं पहिल्यांदाच घाट बघणार होती. त्रिशलानं लाल गाडी शेजारी लावली. काचा खाली होत्या, सीट चालू होती आणि बाहेरचे आवाजही ती हिंदुरावच्या कानाला झेपतील असे उतरवून देत होती.

हिंदुरावला जीप ऐकू आली. सकाळची नव्हे, खरी. टिकटिक होती, चिवचिव होती, आणि त्या सगळ्याच्या मागं एक न थांबणारी फुसफुस. स्स्स्स.

तो ओळखून होता ती. जीपच्या ब्रेकला जोर मिळतो तो इंजिनाच्या ओढीतनं, एका रबरी पाइपामधनं. त्या पाइपाला चीर गेली की बाहेरची हवा आत शिरते आणि अशी फुसफुसते. चीर वाढली की ब्रेक दगड होतो, दोन्ही पायांनी दाबला तरी. मागल्या आठवड्यात जीप जरा अडखळत चालत होती म्हणून त्यानं कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून तिला गोड केलं होतं. चिरेवर त्यानंच पांघरूण घातलं होतं. आणि पारिसा म्हणाला होता, ब्रेक जड लागतोय; त्यावर तो म्हणाला होता, "पाय म्हातारा झालाय तुझा, जीप नाही."

"तुला ऐकू येतंय का?" त्यानं त्रिशलाला विचारलं.

"फुसफुस? येते की. जुन्या गाड्या असंच करत असतील असं वाटलं."

*

रात्री हिंदुरावच्या बायकोनं, शालनकाकींनी, ताटात भाकरी वाढली आणि नवरा जेवत नाही म्हटल्यावर समोर बसल्या.

"मला ऐकू येत नाही," हिंदुराव म्हणाला.

"व्हय."

"व्हय म्हणजे? तुला ठाऊक हुतं?"

"धुण्याचं मशीन शिट्टी मारतंय, तुम्ही शेजारी बसून पेपर वाचताय. घरात कोण बी आंधळं नाही, अवं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. कितींदा. तुम्हाला ऐकूच गेलं नाही."

हिंदुरावला हसू आलं. पाइप बदलायला अर्धा तास पुरे होता. गुपचूप जाऊन बदलला असता तर पारिसाला पत्ता लागला नसता. पण ह्या मोसमात त्यानं पास केलेल्या सगळ्या गाड्या त्यानं त्याच कानानं ऐकल्या होत्या. प्रत्येकीत काय फुसफुसतंय, काय टिकटिकतंय, देवाला ठाऊक. त्यांना थांबवायचं तर कारण सांगावं लागणार. कारण सांगितलं की कान गेला, आणि कान गेला की गॅरेजला राहतं काय, चार पाने आणि एक खुर्ची.

"उद्या त्या घाटात जातील समदे," तो म्हणाला.

"तुम्ही 'जावा' म्हणला तर जातील," शालनकाकी म्हणाल्या आणि ताट त्याच्याकडं सरकवलं. "जेवा. उद्या घसा लागंल."

*

धुराच्या रविवारी चौक भरला होता. जुन्या मोटारी, दोन-तीन बुलेट, एक टेम्पो, रांगेत सगळ्यात पुढं पारिसाची जीप, मागं सून आणि नातवंडं. सगळी इंजिनं चालू, हवेत निळा धूर, आणि हसायला आलेली अख्खी पेठ. लाल गाडी मुकी करून त्रिशला सुकाणूवर बसली होती. तिच्यापुढं धोतराचा सोगा खोचून हिंदुराव.

"चालू कर की, हिंदुराव," पारिसा ओरडला. "का चोक ओढू?"

हिंदुरावनं ओठ दुमडले आणि सुरू केलं.

पहिली दहा पावलं लोक पोट धरून हसले. मग हसू हळूहळू विरलं, कारण तो माणूस नुसतं घुर्रर्र करत नव्हता. छातीतनं चार सिलिंडर काढत होता, गालातनं धूर सोडत होता, गिअर बदलताना घशात क्षणभर पोकळी ठेवत होता. तालमीतला वस्ताद कमरेवर हात ठेवून ऐकत राहिला. बायका खिडकीतनं वाकल्या. मागं लाल गाडी चिमूटभर आवाज न करता सरकत होती आणि बघणाऱ्याला खरंच वाटत होतं, की बोलतीय ती.

जीपपाशी हिंदुराव थांबला. पारिसाच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि आता त्याचीच जीप काढली, हुबेहूब. पारिसाची नातवंडं टाळ्या पिटायला लागली. मग त्यानं दात जुळवले आणि त्या आवाजात एक फुसफुस मिसळली. स्स्स्स.

"हे काय नवीन?" पारिसा म्हणाला.

"नवीन न्हाई. आत्ता तुझ्या जीपमध्ये वाजतंय. कान दे."

पारिसानं मान वाकवली. मागं बसलेली नात आधी म्हणाली, "हो आजोबा, साप आहे आत."

"ब्रेकचा पाइप फाटलाय," हिंदुराव म्हणाला. आवाज मुद्दाम मोठा काढला होता, शेवटच्या टेम्पोपर्यंत जाईल असा. "मीच पास केलेली जीप हाय ही. मला ते ऐकूच आलं नव्हतं. बारीक आवाज मला येत न्हाईत आता. किती वर्षं येत न्हाईत, ते बी म्हाईत न्हाई. तुमच्या समद्यांच्या गाड्या मी असल्या कानानं ऐकल्यात. तवा घाटात जाऊ नका. समद्यांनी गॅरेजला या. त्रिशलाची सीट काढून तिथं ठेवतो आणि एकेक परत ऐकतो."

हिंदुराव वाट बघत उभा राहिला. कुणी शिवी दिली असती तरी बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

पारिसानं आधी नातीकडं बघितलं, मग त्याच्याकडं. हात घालून किल्ली फिरवली. जीप दोनदा थडथडली आणि गप्प झाली.

तिच्यामागची मोटार बंद झाली. मग त्यामागची. मग बुलेट, एकापाठोपाठ एक, मग टेम्पो, आणि धुराच्या रविवारी कधी नव्हे ती शांतता चौकात उतरली, इतकी की पिंपळाची पानं ऐकू आली ज्यांना येत होती त्यांना.

"गल्लीचं टोक अजून लांब हाय, हिंदुराव," पारिसा म्हणाला. "पैज पैज असती. थांबायचं न्हाई म्हणालावतास."

हिंदुरावनं गिअर टाकला. तो पुढं, मुकी लाल गाडी मागं, त्यामागं किल्ल्या खिशात टाकून सगळे मालक पायी, आणि कडेला उभी अख्खी पेठ, हसायचं विसरून. खालची घरघर त्यानं छातीत धरली होती. तिच्यावर जीभ टाळूला लावून टॅपेट वाजवत होता, सुटं सुटं. ते त्याला हाडातनं कळत होतं. सगळ्या गावात त्या घटकेला तेवढं एकच इंजिन चालू होतं, आणि ते गल्लीच्या टोकापर्यंत एकदाही बंद पडलं नाही.